पाण्यात फ्लोराईड जास्त, तरी दातांना फ्लोराईड? पावणेतीन वर्षांच्या मुलीचं एक प्रकरण

आजीने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला मला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. "म्याडम, ज्या फ्लोराईडानं आमच्या गावाचे दात पिवये केले, तेच तुमी या लेकराच्या दाताले लावता काय?"

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, पांढरकवडा आणि झरी जामणीच्या पट्ट्यात, हा प्रश्न पडणं अगदी रास्त आहे. इथल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. हसताना तोंडावर हात धरणारी माणसं इथे प्रत्येक पिढीत सापडतात. आजी ज्या घरातून आली होती, तिथे मुलीच्या काकाचे पुढचे दात तपकिरी होते आणि आजोबांचे गुडघे व कंबर आखडलेली होती. त्यामुळे "फ्लोराईड" हा शब्द या घरात औषधाचा नव्हता, आजाराचा होता. मुलीच्या दातांची गोष्ट इथूनच सांगावी लागेल. ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची, वजन 12 किलो. जूनचा शेवटचा आठवडा होता, पेरणीच्या गडबडीतून वेळ काढून आई आणि आजी तिला घेऊन आल्या होत्या. आईची तक्रार अशी, की वरच्या पुढच्या दातांना हिरडीजवळ पांढऱ्या रेघा दिसतात आणि एका दाताचा तुकडा पडल्यासारखा वाटतो. त्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे "दुधाचे दात आहेत, पडून जातील, आणि तुमच्या गावच्या पाण्यामुळे असे डाग येतातच" असं सांगून परत पाठवलं होतं. घरी आजीचंही तेच मत होतं: "दुधाचेच दात हायेत, पडतीनच."

एवढ्या लहान मुलाला दवाखान्याच्या खुर्चीत एकटं बसवून काही हाती लागत नाही. आई आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसलो. मुलीचे पाय आईच्या कमरेभोवती आणि डोकं माझ्या मांडीवर. ती रडली, आणि रडताना तोंड पूर्ण उघडतं, तपासणीला तेच हवं असतं. ओल्या गॉजने दातांवरचा चिकट थर पुसला, मग कोरड्या गॉजने दात कोरडे केले. हे कोरडं करणं महत्त्वाचं. किडीची अगदी पहिली पायरी ओल्या दातावर दिसत नाही. थुंकी सुकली की तिथला भाग खडूसारखा पांढरा पडतो, कारण इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणातले, क्षार निघून गेल्याने तिथे सूक्ष्म पोकळ्या झालेल्या असतात.

वरच्या चार पटाशीच्या दातांपैकी तिघांना हिरडीच्या कडेने खडबडीत, निस्तेज पांढरा पट्टा होता. त्यातल्या डाव्या मधल्या दातावर पट्ट्याच्या मधोमध ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा मऊ, पिवळट-तपकिरी खड्डा पडलेला. उरलेल्या चौथ्या, डाव्या कडेच्या पटाशीच्या दातावरचा पट्टा फक्त कोरडं केल्यावर दिसला. पुढच्या दाढांच्या खाचा तपकिरी, पण कडक. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ, चकचकीत.

खालचे दात स्वच्छ आणि वरचे खराब, ही खूण बघितली की मी पहिला प्रश्न बाटलीचा विचारते. बाटली किंवा स्तन चोखताना जीभ खालच्या दातांवर झाकणासारखी बसते, शिवाय जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच साठते. वरच्या दातांभोवती मात्र दूध रात्रभर रेंगाळतं, आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते. आईने सांगितलं की झोपताना एक बाटली, रात्री उठली की आणखी एक, कधी दोन. म्हशीचं दूध घट्ट पडतं म्हणून त्यात निम्मं पाणी आणि दोन चमचे साखर. दिवसा चहात बुडवून बिस्कीट, मागेल तेव्हा गुळाचा खडा. दात घासणं म्हणजे अधूनमधून आईच्या बोटावरचं काळं मंजन. पेस्ट नव्हतीच, कारण "आपल्या पाण्यात आधीच आहे, पेस्ट देऊ नका" असं कोणीतरी सांगितलेलं. आणि दुधात मिसळायचं, प्यायचं, सगळं पाणी अंगणातल्या बोअरचं.

आता निदान. गावात सगळे म्हणत होते की हे पाण्याचे डाग आहेत, आणि मला ते पटत नव्हतं. त्याची कारणं सांगते, कारण फ्लोराईडच्या पट्ट्यात हीच चूक वारंवार होताना मी पाहते आणि तिची किंमत मुलं मोजतात.

फ्लोरोसिस हा दात घडत असतानाचा दोष आहे. हिरडीच्या आत इनॅमल तयार होताना शरीरात फ्लोराईड जास्त असेल तर ते इनॅमल नीट पक्कं होत नाही. दात उगवून बाहेर आल्यावर कितीही फ्लोराईडचं पाणी प्यायलं तरी त्याला नव्याने फ्लोरोसिस होत नाही. दुधाच्या पटाशीच्या दातांचा हिरडीबाहेर दिसणारा भाग आईच्या पोटात घडायला सुरुवात होते आणि जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत पूर्ण होतो. म्हणजे या मुलीने अडीच वर्षं प्यायलेल्या बोअरच्या पाण्याने तिच्या या चार दातांवर पांढरे पट्टे येणं शक्यच नव्हतं. गरोदरपणात आई तेच पाणी प्यायली असली तरी दुधाच्या दातांवर त्याचा परिणाम सहसा सौम्य असतो. फ्लोरोसिसचे डाग दोन्ही बाजूंना सारखे, दातभर विखुरलेले किंवा आडव्या रेषांचे असतात, आणि पृष्ठभाग बहुधा गुळगुळीत असतो. हिच्या दातांवरचे पट्टे हिरडीच्या कडेला चिकटून, म्हणजे जिथे दुधाचा थर साचतो नेमके तिथेच होते. हाताला खडबडीत. ही कीड होती, चालू असलेली, आणि चारपैकी तीन दातांत अजून परत फिरवता येण्यासारखी.

पण त्याच वेळी दुसरी गोष्ट डोळ्यांसमोर होती. कायमचे पटाशीचे दात जन्मानंतर तीन-चार महिन्यांत घडू लागतात आणि चार-पाच वर्षांपर्यंत घडत राहतात. म्हणजे अंगणातल्या बोअरचा खरा धोका मला दिसत असलेल्या दातांना नव्हताच. तो तिच्या हिरडीच्या आत, त्या क्षणी घडत असलेल्या दातांना होता. एकाच तोंडात बाहेर दिसणाऱ्या दातांना फ्लोराईड कमी पडत होतं आणि आतल्या दातांना जास्त होत होतं.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथून सुरू केलं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आकडा कमी तितकं आम्ल जास्त; तो साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचे क्षार विरघळू लागतात. मधल्या वेळात लाळ ते क्षार परत बसवते. दातालगत थोडं फ्लोराईड असेल तर परत बसणारे क्षार जास्त चिवट असतात, 4.5 पर्यंत टिकतात. हे सगळं दाताच्या पृष्ठभागावर, बाहेरून घडतं. त्यासाठी फ्लोराईड गिळावं लागत नाही. गिळलेलं फ्लोराईड रक्तातून घडत्या दाताकडे आणि हाडांकडे जातं, आणि आजोबांची कंबर तिथून आखडते.

आजीने एक गोष्ट सांगितली ती मला फार मोलाची वाटली: "आमच्या टायमाले दात पिवये रायचे, पन किडत नोहते." अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच टिपलं होतं. तिथल्या लोकांचे दात डागाळलेले, पण कीड कमी. कारण सापडायला 1931 साल उजाडलं: पाण्यातलं फ्लोराईड. पुढे एका लिटरला साधारण 1 मिलिग्रॅमच्या आसपास कीड कमी होते आणि डाग फारसे पडत नाहीत असं दिसल्यावर, 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात ते मोजून मिसळायला सुरुवात केली. आपल्या देशात 1937 मध्येच आंध्रच्या नेल्लोर भागातून फ्लोराईडने हाडं आखडलेल्या माणसांची नोंद झाली होती. या सगळ्या नोंदींत फरक आहे तो मात्रेचा आणि वाटेचा. आजीच्या काळी घरात साखरेचं दूध बाटलीत भरून रात्रभर तोंडात नव्हतं, हेही तिला सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही, पण सुनेकडे बघून मान हलवली.

मग मी कागदावर हिशोब मांडला. या घरात शब्दांपेक्षा आकडे कामी आले.

फ्लोराईड वार्निश म्हणजे 5 टक्के सोडियम फ्लोराईड, दाताला चिकटून राहणाऱ्या राळेत मिसळलेलं. फ्लोराईडचं प्रमाण 22,600 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 22,600 भाग. ऐकायला भयंकर वाटतं, पण लहान मुलाला एका वेळी लागतं जास्तीत जास्त 0.25 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 5.65 मिलिग्रॅम फ्लोराईड. तेही थुंकी लागताच दातावर घट्ट होतं आणि काही तासांत हळूहळू पोटात जातं. 12 किलोच्या मुलीसाठी दर किलोला अर्धा मिलिग्रॅमही नाही. तातडीने दवाखाना गाठावा लागतो ती मात्रा किलोमागे 5 मिलिग्रॅमची मानतात. हे वार्निश तीन महिन्यांतून एकदा.

बोअरच्या पाण्याचा आकडा तेव्हा माझ्याकडे नव्हता. स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यायला सांगितलं, आणि गावच्या नळयोजनेचाही. तीन आठवड्यांनी अहवाल आला. बोअर लिटरला 2.1 मिलिग्रॅम, नळ 0.6. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. दुधात मिसळलेलं धरून मुलगी बोअरचं पाणी दिवसाला साधारण लिटरभर पीत होती. तीन महिन्यांत बोअरमधून सुमारे 190 मिलिग्रॅम, आणि वार्निशमधून जास्तीत जास्त 5.65. या वयात रोज किलोमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात, म्हणजे हिला 1.2. बोअर एकटाच ती मर्यादा ओलांडत होता. आईने हा कागद घडी करून पदराच्या टोकाला बांधला. घरी जाऊन नवऱ्याला दाखवायचा होता.

पाण्याबद्दल सांगताना एक गैरसमज दूर करावा लागला. आई पाणी उकळून देत होती, आणि तिला वाटत होतं की त्याने फ्लोराईड जातं. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटेल तितकं ते दाट होतं. आरओने जातं. तुरटी आणि चुना वापरून काढायची "नालगोंडा" पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, पण ती घरी रोज नेमाने करणं सोपं नाही. इथे सुदैवाने नळ होता, फक्त एक दिवसाआड पाणी यायचं म्हणून बोअर वापरात. ठरलं असं की नळाचं पाणी दोन माठांत भरून ठेवायचं. मुलीच्या पिण्याला, दुधाला आणि घरच्या वरण-भाताला तेच. बोअर धुण्याभांड्यांना.

अहवालाची वाट न बघता वार्निश मी पहिल्याच दिवशी लावलं. दोन मिनिटांचं काम आहे. गॉजने दात कोरडे करायचे, छोट्या ब्रशने पातळ थर द्यायचा, आधी हिरडीजवळच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, मग दाढांच्या खाचांत. निम्मी मात्राही संपली नाही. राळेची ॲलर्जी किंवा तोंडात चट्टे असतील तर ते लावत नाही, हिला तसं काही नव्हतं. दोन तास काही चावायचं नाही, त्या दिवशी मऊ जेवण, रात्री घासायचं नाही. दात दिवसभर पिवळट दिसतील, घाबरू नका, हे आवर्जून सांगितलं. पिवळ्या दातांची भीती असलेल्या घरात हे सांगायचं राहिलं असतं तर तीच मंडळी पुन्हा कधी आली नसती.

पेस्टच्या बाबतीत मी पाण्याचा अहवाल येईपर्यंत थांबले. आज तशीच मुलगी आली तर थांबणार नाही. आपल्याकडे पेस्टमध्ये 1,000 पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराईड घालायला कायद्याने परवानगी नाही आणि प्रमाण ट्यूबवर छापावं लागतं. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सुमारे 0.1 ग्रॅम, म्हणजे 0.1 मिलिग्रॅम फ्लोराईड. दोन वेळा, आणि मुलीने सगळी गिळली तरी दिवसाला 0.2. लिटरभर बोअरच्या पाण्याचा दहावा हिस्सा. काढून टाकायचं होतं ते पाणी, पेस्ट नव्हे. लहान मुलांच्या नावाने मिळणाऱ्या पेस्टमध्ये बरेचदा निम्मंच फ्लोराईड असतं, काहींत अजिबात नसतं, म्हणून ट्यूबवरचा आकडा वाचायला आईला शिकवलं. तिने घरातली मोठ्यांचीच 1,000 पीपीएमची ट्यूब घेतली आणि खरोखर तांदळाचा दाणा शेजारी ठेवून मापली.

खड्डा पडलेल्या दाताचं काय करायचं यावर आमचं लगेच जमलं नाही. माझी पहिली सूचना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईडची होती. चांदी आणि फ्लोराईडचं द्रावण, ना सुई, ना ड्रिल. एक थेंब किडीवर लावला की चांदी जंतू मारते आणि फ्लोराईड दात कडक करतं. जपानमध्ये हे 1970 पासून वापरात आहे, आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. दुधाच्या दातांतली कीड त्याने सुमारे 80 टक्के वेळा थांबते. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आई म्हणाली, "मॅडम, मुलगी आहे. समोरचा दात काळा दिसला तर लोक काय म्हणतीन?" मी आग्रह केला नाही. तोंड तिच्या मुलीचं आहे आणि गावात राहायचं तिला आहे. मऊ भाग हाताच्या अवजाराने अलगद खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरलं. ते दाताला चिकटतं आणि थोडं फ्लोराईडही सोडत राहतं. वरच्या पुढच्या दातावर, उथळ खड्ड्यात, रडणाऱ्या मुलीच्या तोंडात ते किती टिकेल याची मला खात्री नव्हती आणि तसं मी सांगितलंही.

बाटली सोडवणं हा या सगळ्यातला सगळ्यात कठीण भाग होता, आणि तो दवाखान्यात झाला नाही. आधी साखर बंद केली. मग दर तीन दिवसांनी बाटलीत दूध थोडं कमी आणि नळाचं पाणी थोडं जास्त. पाचव्या आठवड्यात बाटलीत नुसतं पाणी होतं, सहाव्यात मुलीने ती स्वतःच बाजूला टाकली. त्या सहा आठवड्यांत रात्री आजी मुलीला घेऊन अंगणात फिरत होती, हे मला नंतर आईकडून कळलं. घरात मुलीला झोपवणारी आजी होती, म्हणून आजीला पटणं हाच या उपचाराचा पाया होता.

सप्टेंबरमध्ये दुसरं वार्निश. पट्टे अजून होते, पण उजव्या मधल्या दातावरचा गुळगुळीत लागू लागला होता. मग कापूस वेचणी आणि दिवाळी आली. आई दीड महिना माहेरी गेली. तिथे माठ नव्हते, आणि मुलीचं रडणं थांबवायला कोणीतरी बाटली परत दिली. नोव्हेंबरअखेर आईचा फोन आला की सिमेंट निघून गेलं. डिसेंबरमध्ये पाहिलं तर खड्डा खोल झालेला, दात अजून दुखत नव्हता, आणि उजव्या बाजूच्या शेवटच्या पटाशीच्या दातावरचा पट्टाही आता मऊ पडून खचू लागला होता.

या वेळी सिल्व्हर डायअमाइनचा विषय आजीनेच काढला. "काया झाला तं झाला, दुखत तं नाई." आई थोडा वेळ गप्प बसली, मग हो म्हणाली. दोन्ही दातांवर लावलं. दोन आठवड्यांनी दोन्ही जागा काळ्या आणि नखाला दगडासारख्या लागत होत्या. त्याच बैठकीत तिसरं वार्निश, मग मार्चमध्ये चौथं.

वार्निशला मी किती श्रेय देते? अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कोक्रेन आढाव्यात दुधाच्या दातांत त्याने कीड सरासरी 37 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढच्या काळात शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत फायदा याहून बराच कमी निघाला. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांत मुलांकडून रोज फ्लोराईड पेस्टने दात घासून घेण्याचा मोठा कार्यक्रम चालतो. तिथे तीन वर्षांच्या मुलांना त्यावर वार्निशची जोड दिली, तेव्हा दोन वर्षांनी म्हणण्यासारखा जास्तीचा फायदा आढळला नाही. माझं मत यावरून असं झालं आहे की ज्या मुलाचे दात रोज पेस्टने घासले जातात त्याला वार्निश थोडंच देतं, आणि ज्याचे घासले जात नाहीत, ज्याच्या दातांवर पांढरे पट्टे आधीच उमटले आहेत, त्याला घरची सवय लागेपर्यंत ते वेळ मिळवून देतं. या मुलीला त्याने पहिले तीन महिने मिळवून दिले. माहेरच्या दीड महिन्यात मात्र सप्टेंबरचा थर एकटा पुरला नाही.

जूनमध्ये, वर्षभराने, पुन्हा गुडघ्याला गुडघे लावून बसलो. या वेळी ती रडली नाही. आईने मला न विचारता स्वतःच तिचा वरचा ओठ वर उचलून दाखवला. दोन दातांवरचे पट्टे चकचकीत आणि कडक झाले होते, पांढरट खूण राहिली होती, ती राहणारच. दोन काळ्या जागा कडक, वाढ नाही. दाढांमध्ये नवी कीड नाही. एकही दात काढावा लागला नाही आणि भूलही द्यावी लागली नाही. बाटली बंद, माठ चालू. बोअरचं पाणी आता घरात आणखी कोणी पीत नाही, असं आजीने सांगितलं.

वजन वाढलं होतं, तीन वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून पेस्टचं माप तांदळाच्या दाण्यावरून वाटाण्यावर नेलं आणि थुंकायला शिकवायला सांगितलं. वार्निश आता सहा महिन्यांनी. सहाव्या वर्षाच्या आसपास मागे पहिली कायमची दाढ येईल, तिच्या खाचा लगेच बघायच्या आहेत. आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत पुढचे कायमचे दात येतील. बोअर बंद होण्याआधीच्या पावणेतीन वर्षांनी त्यांच्यावर काय लिहून ठेवलं आहे, ते तेव्हा दिसेल. आईला हे मी सांगितलं आहे, आणि तिने ते वर्ष वहीत लिहून घेतलं आहे.